भुयारी रस्त्यातली दोरी

प्रिय बारक्या,

त्या रविवारच्या पडण्याची खरी किंमत आज बसून काढली. समोरचा अर्धा दात गेला. हनुवटीला टाके पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाढी वाढवा, म्हणजे दिसणार नाही. मी म्हटलं, मला तसंही दिसत नाही, बाकीच्यांना दिसलं तर दिसू दे. दोन्ही गुडघ्यांची सालपटं निघाली, काळा चष्मा फुटला, बेचाळीस किलोमीटरची शर्यत निम्म्याच्या जरा पुढे सोडावी लागली आणि वर्षभराची मेहनत ॲम्ब्युलन्समध्ये सरबत पीत बसली. इथवर सगळं परवडण्यासारखं आहे. पण तेव्हापासून तू घरी फिरकला नाहीस, फोन उचलत नाहीस, आणि परवा बायकोकरवी निरोप धाडलास, की दादाला म्हणावं दुसरा वाटाड्या बघ, मी आता धावणार नाही. हा खर्च मात्र मला झेपणारा नाही. म्हणून लिहायला बसलो.

लिहायला म्हणजे टाईप करायला. मी एकेक शब्द टाकतो आणि संगणकातला तो बाप्या मला तो वाचून दाखवतो, वर्गात उभं केलेल्या पोराने धडा वाचावा तसा, नाइलाजाने. आपल्या हिशेबाच्या बाई तपासून द्यायला तयार होत्या. मी नको म्हटलं. हे पत्र तुझं आणि माझं आहे. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर पोटात घाल.

लोक काय काय बोलताहेत ते तुझ्या कानावर आलंच असेल. आपला क्लबचा कोच सगळ्यांना सांगत सुटलाय, की वाटाड्याचं लक्ष नव्हतं, समोर एवढा लाल अडथळा होता, लहान मुलालाही दिसला असता. फोरमन म्हणतो, धाकटे साहेब दमले असतील, भोवळ आली असेल. तुझी वहिनी आपल्या दोघांनाही शिव्या घालते, पण मला जरा कमी, कारण मला टाके आहेत. आणि आईचं तर तुला पाठच आहे: आंधळा पळतोय म्हणून डोळस पळतोय, दोघांना मिळून एक अक्कल नाही. मी सगळ्यांचं ऐकून घेतो आणि गप्प बसतो. माझं गप्प बसणं त्यांना नवीन आहे. फोरमनने तर हळूच विचारलं, डोक्याला मार लागलाय का म्हणून. त्याला वाटलं मला ऐकू गेलं नाही.

डोक्याला नाही, पण मार लागलाय. त्या दिवसापासून मी जेवताना मध्येच थांबतो, पंप तपासताना थांबतो. माणसाने कोपऱ्यावरून वळावं आणि समोर आपलंच घर नसावं, तसं झालंय.

आपण कसे सुरू झालो ते आठवतं? पत्र्याच्या शेडमध्ये पंपांच्या जळक्या मोटारींची तार उलगडून पुन्हा गुंडाळायचो, तिथून तीस माणसांच्या पंपांच्या कारखान्यापर्यंत आलो, आणि त्या सगळ्या प्रवासात मी खुर्चीतून काही उठलो नाही. पोट मात्र माझ्या पुढे चार वर्षं चालत होतं. रक्तात साखर निघाली तेव्हा तू म्हणालास, दादा, उद्यापासून पळायचं. मी म्हटलं, वेड्या, मी भिंतीवर जाऊन आदळेन. तू बुटाची नाडी काढलीस, एक गाठ तुझ्या बोटांत, एक माझ्या, आणि म्हणालास, मग मी आधी आदळेन. पहिल्या दिवशी आपण विजेच्या तीन खांबांपर्यंत पळालो आणि मी चौथ्याला मिठी मारून उभा राहिलो.

तेव्हापासून माझ्या धावण्यात निम्मं धावणं आणि निम्मं तुझं बोलणं. लोकांना वाटतं वाटाड्या म्हणजे डावं, उजवं, चढ, उतार सांगणारा. तू मला पूर्ण रस्ता वाचून दाखवायचास. पुढे एक काका चालले आहेत, त्यांची चड्डी त्यांच्यापेक्षा जोरात पळतेय. डावीकडे बाई टाळ्या वाजवतायत, पण मोबाइलकडे बघून. पस्तीस किलोमीटरनंतर जिथे पाय दगडाचे होतात आणि माणूस देवालाही उलट बोलतो, तिथे मी तुझ्या त्या बडबडीला धरून पळालोय, दोरीला नाही. गेल्या वर्षीचा तो चषक मी कारखान्याच्या दारातच ठेवलाय, येणाऱ्याला आधी तोच लागतो. दृष्टिहीन गटात पहिला. बेअरिंगवाल्याने भाव वाढवला की मी तो त्याच्या हातात देतो, म्हणतो, वजन बघ, पहिल्या नंबरवाल्या माणसाला हा भाव लावतोस? तो गडबडतो आणि दोन पैसे उतरवतो. चषकाने स्वतःचं भाडं केव्हाच फेडलंय.

आता त्या दिवसाचं. तू आठवत बसू नकोस, मला आठवू दे, कारण मला वाटतं आपण दोघांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी पाहिल्या.

ऊन चांगलं वर आलं होतं. अंग छान मोकळं झालं होतं. तू एका गुलाबी टोपीवालीचं वर्णन करत होतास, ती पळता पळता कोणाशी तरी फोनवर भांडत होती. मग मोठ्या चौकाखालचा तो भुयारी रस्ता आला. डोक्यावरचं ऊन एकदम गेलं, बुटांचे आवाज छताला आपटून परत यायला लागले. भुयार आलं की तू नेहमी कूऽऽ करतोस, मुलांसारखा. त्या दिवशी केलं नाहीस. टोपीवाली अर्ध्यावर राहिली. मी म्हटलं, काय रे, मग काय झालं तिचं? तू हूं म्हणालास. तुझं कोपर नेहमी माझ्या कोपराला घासत असतं, ते लांब गेलं. दोरी डावीकडे सरकली. आणि मग तो आवाज आला.

खरखर. कोरडी, एकसारखी, खांद्याच्या उंचीवर. सिमेंटच्या भिंतीवरून बोटं फिरत होती.

बारक्या, पंप सुरू केल्या केल्या त्याचा कुठला भाग गेलाय हे मी पलीकडच्या खोलीतून सांगतो. पण हा आवाज ओळखायला मला तेवढंही थांबावं लागलं नाही. तो माझा आवाज आहे. कारखान्याच्या बोळातून जाताना मी तो करतो, घराचा जिना चढताना करतो. तुझी वहिनी दर रंगाच्या वेळी ओरडते, की तुझ्या बोटांचा पट्टा उमटलाय भिंतभर. डोळस माणूस भिंतीवरून असा हात फिरवत नाही. फिरवला तर गंमत म्हणून, मध्येच सोडून देतो. तुझी बोटं सोडत नव्हती.

मला एवढंच सुचलं, की हे खरं नाही. तेवढ्यात तुझा पाय त्या अडथळ्याला लागला आणि आपण दोघं एकमेकांवर गेलो.

पडण्याचं काही नाही, माणूस पडतो. त्यानंतरचं सांगतो. तू आधी उठलास. माझ्या काखेत हात घालून मला उभं केलंस आणि म्हणालास, चल दादा, इकडे. आणि भिंतीकडे निघालास.

पुढून उघड्या रस्त्याचा आवाज येत होता. वारा येत होता, कोणीतरी लाउडस्पीकरवर गाणं लावलं होतं. कुठे जायचं ते कुणालाही कळावं इतकं स्पष्ट होतं. मी त्या आवाजाकडे वळलो आणि चालू लागलो. दोरी ताणली गेली, उलट्या बाजूने, आणि तू माझ्यामागून आलास. नियम असा आहे की वाटाड्याने धावणाऱ्याला ओढायचं नाही. धावणाऱ्याने वाटाड्याला ओढलं तर काय, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. बाहेर ऊन लागलं आणि काही पावलांत तू पुन्हा तू झालास. म्हणालास, पाण्याचं टेबल समोर आहे, निळी छत्री, तिथे डॉक्टर असतील. छत्री खरंच निळी होती, मी नंतर विचारून घेतलं.

ॲम्ब्युलन्समध्ये नर्स मला विचारत होती, आज वार कोणता, तुमचं गाव कोणतं. मी उत्तर देत नव्हतो म्हणून ती घाबरली. तू शेजारी बसून माझा हात धरला होतास आणि सारखं म्हणत होतास, दादा, चुकलं माझं, लक्ष नव्हतं माझं. मला तुझ्याशी बोलताच येईना. तुला वाटलं मी रागावलोय. तुला आजही तसंच वाटतंय, हे मला माहीत आहे.

घरी आल्यावर एकेक गोष्ट वर यायला लागली. तू स्कूटर विकलीस, म्हणालास गुडघ्यांना चालणं चांगलं. पहाटेचा सराव नऊनंतर नेलास. मी तुला आळशी म्हटलं, म्हटलं उन्हात पळवून माझं तेल काढतोस, आणि तू हसलास. लांबच्या पुलावरची पाटी तू मला अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचास आणि माझ्या कोपराजवळचा पाण्याचा पेला पाडायचास. मी म्हणायचो, आमच्या धाकट्याची नजर दूरची आहे, सगळे हसायचे. जिना उतरताना तू तोंडातल्या तोंडात पायऱ्या मोजतोस. मला वाटायचं माझ्यासाठी मोजतोस.

माझे डोळे काही एका दिवसात गेले नव्हते. आधी संध्याकाळ गेली. मग बाजू गेल्या, मग पायाखालची जमीन. शेवटी समोर नळीएवढं उरलं होतं, त्या नळीतून मी तुझ्या वहिनीला बघायला गेलो. ती आजही मैत्रिणींना सांगते, हे काय रोखून बघत होते माझ्याकडे. मामाचंही असंच झालं होतं. तेव्हा डॉक्टर आईसमोर म्हणाले, हे आईकडून मुलग्यांत येतं. त्यानंतर कितीतरी दिवस ती आपल्यापैकी कोणाच्या डोळ्यांकडे बघायची नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. अजूनही दिवेलागणीला ती माझ्या खोलीतला दिवा न चुकता लावून जाते. बटणाचा आवाज येतो, मग ती क्षणभर थांबते, मग जाते. तिला हे दुसऱ्यांदा ऐकायला लागू नये म्हणून तू गप्प आहेस. माझ्याशीही त्याचसाठी, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. हिशेब मला कळतो. तुझ्या जागी मीही तोच केला असता, आणि तो तितकाच चुकला असता. दुसऱ्याच्या जिवाला दोरी बांधून तू अंधारात भिंत चाचपत पळत होतास, आणि भुयाराच्या तोंडापर्यंत मला त्या गुलाबी टोपीवालीची गोष्ट सांगत होतास. मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला अजून नुसता धक्काच बसलेला आहे.

तर हे पत्र यासाठी. ते मोठ्या, जाड अक्षरांत, पिवळसर बिनचकचकीत कागदावर, एका बाजूलाच छापून घेतलंय, म्हणजे तुला ते खिडकीजवळ बसून स्वतःचं स्वतः वाचता येईल, बायकोला हाक मारावी लागणार नाही. मला सगळं कळलंय आणि मी ते कोणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. ते तू सांगायचंस, मी शेजारी बसेन. गुरुवारी माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतलीय, गाडी चांगल्या उन्हात पाठवतो. जे उरलंय ते किती उरलंय, ते निदान नीट बघून घेऊ, आणि टिकवायला आता काही निघालंय का, तेही विचारू. मी बाहेरच्या बाकावर बसतो, आत तू एकटा जा, किंवा हाक मार. वाटाड्या म्हणशील तर तोही बघितलाय. क्लबातल्या त्या पोस्टातल्या बाई, ज्या तुझ्याहून जास्त बोलतात. त्यांना म्हटलं, मला डाव्या हाताला घ्या आणि उजवा मोकळा ठेवा. कोणासाठी ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं नाही. तुझं नाव कुठल्या गटात घालायचं, ते डॉक्टर काय म्हणतात त्यावर बघू. माझ्या गटात आलास तर चषक जाईल म्हणून मी कुरकुर करणार नाही. गेल्या वर्षी निकालाचा फलक तूच वाचून आला होतास आणि मला फक्त पहिली ओळ सांगितलीस. पुढची मी आयोजकांच्या कारकुनाकडून केव्हाच ऐकली होती: त्या गटात धावणारा मी एकटाच होतो.

दोरीच्या या टोकाला,
तुझाच,
दादा