नावाडणीचं सोंग

बाबूजी, आज तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुम्ही काही उलटून बोलणार नाही, असं मी धरून चालले होते.

तुमचा तो सोंगांचा खेळ. बालाघाटच्या आपल्या गल्लीत तेव्हा केबल आली नव्हती. रविवारी जेवणं झाली की तुम्ही ओसरीवर सतरंजी अंथरायचात. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, म्हणजे कोणीतरी दुसरंच माणूस व्हायचं. गोष्ट तुम्ही सांगणार, आणि अडलं की फासे टाकायचे. दादा शिकारी. आई दर वेळी कुरकुरायची, "अवो, सोंगातबी मलेच पोळ्या लाटाले लावता का?" आणि स्वतःच स्वयंपाकीण व्हायची. मी आठवीत होते. मी वैनगंगेवरची नावाडीण झाले. नुसतं इकडून तिकडे न्यायचं, त्यात काय कठीण!

कठीण तुम्ही केलंत. माझ्या नावेत बसणारी माणसं हळूहळू बदलत गेली. पाण्यात पाय टाकण्याआधीच ओली असलेली बाई. कुठं उतरायचं विचारलं की मागे वळून बघणारा म्हातारा. एक लहान पोर, जे चढलं तरी नाव जरासुद्धा हलली नाही. समोर आई उन्हात बसून तांदूळ पाखडते आहे, आणि मला थंडी वाजते आहे. शेवटी मी फासे टाकून दिले. "मले हे सोंग नाई पाहिजे. मले बांगडीवाली करा."

दादा भडकला. "मधातच बदलवते? हे बेईमानी आहे, बाबूजी!"

"काहून रे? खेळ पोरीसाठी आहे का पोर खेळासाठी? तिचा जीव घाबरून राह्यला. बदलवू दे तिले." बाबूजी, त्या क्षणी मला तुमच्याबद्दल इतकी माया वाटली. पण मग तुम्ही चष्म्याची काळ्या दोऱ्यानं बांधलेली दांडी कानामागे सारली आणि म्हणालात, "फक्त असं उठून जाता येत नाई, बाई. जुन्या सोंगाले पोचवा लागते." तो तुमचाच नियम. दादानं आपला चोर सोडला तेव्हा त्याला कटंगीला त्याच्या बहिणीकडे नेऊन, पोटभर जेवू घालून, मगच शिकारी घेतला होता. मला मात्र मनातल्या मनातसुद्धा त्या काठावर परत जायचं नव्हतं. मी नुसती रडत बसले.

"हौ, ठीक आहे," तुम्ही म्हणालात. "तुह्या जागी नाव मी धरतो."

माझ्या बांगड्या वारासिवनीच्या बाजारात झकास खपल्या. त्याच हिवाळ्यात तुम्ही दवाखान्यात गेलात. शेवटच्या दुपारी तुम्ही ग्लानीत होता आणि चादरीवर तुमचे दोन्ही हात पुढे जात होते, मागे येत होते. नर्स म्हणाली, ताप आहे. मला त्या हातांत वल्ही दिसली. खेळ तिथंच थांबला, आणि नावाडणीला कोणी पोचवलं नाही.

आता माझी पोर तेव्हाच्या माझ्याएवढी झाली. ती आणि तिच्या मैत्रिणी असाच खेळ खेळतात, विकतचा, चित्रविचित्र कोनांच्या फाशांचा. तुमच्या खेळाबद्दल तिला मी कधी काही सांगितलं नाही. दादाला शपथ घालून विचारलं, त्यानंही नाही. मागच्या रविवारी तिनं आपली जादूगारीण मधेच सोडली. गोष्ट सांगणाऱ्या मैत्रिणीनं खुशाल बदलू दिलं.

"मम्मी, मैं अब नाववाली हूँ," घरी येऊन ती म्हणाली. "नाव पहले से थी. एक अंकल पकड़के खड़े थे. उनके चश्मे की डंडी काले धागे से बँधी है. बोले, लय उशीर केला वो बाई."

ती मैत्रीण मराठी बोलत नाही, बाबूजी. माझ्या हातातलं ताट खाली पडलं. काय हो, कोणी यायची वाट बघत इतकी वर्षं उभं राहायचं असतं का?

आज पुन्हा खेळ आहे. हे पत्र पोरीच्या हाती द्यायचं, तिनं ते नावेतल्या माणसाला वाचून दाखवायचं, त्यांना जेवू घालायचं, घरी पोचवायचं, म्हणजे तुमच्याच नियमानं तुम्ही सुटाल, असं ठरवून लिहायला बसले होते. आत्ताच ती चपला घालता घालता विचारून गेली, "मम्मी, अंकल को आज उतार दूँ?"

मी पत्र उशीखाली सरकवलं. "राहू दे," म्हटलं, "अजून थोडं फिरव त्यांना."

मला भीती वाटते आहे, बाबूजी. पण तुम्ही उतरून जायला नको आहे मला.