दोन नंबरच्या टाकीची भूक

१ ऑक्टो. ७४
सुरुवात झाली एकदाची. कॉलेजच्या मागची खोली, दोन टाक्या, प्रत्येकीत सहा मागूर मासे. एक नंबरला नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई, दोन नंबरला अर्काची. अर्क म्हणजे पोटभर खाल्लेल्या माशाच्या आतड्याचा. पोट भरलं हे आतडं मेंदूला कळवतं, कुठल्याशा हार्मोननं, असं सरांचं म्हणणं. मग तोच निरोप उपाशी माशाला टोचला तर? तासाभरानं गांडुळं घालायची, उरतील ती तोलायची.
घरी दिवाळीपर्यंतचं बोलून आलेय. आकडे आले तर प्रबंधाचं पुढचं लिखाण बार्शीत, घरी बसून. नाही आले तर ह्यांनी आधीच सांगितलंय, पुरे आता. आमच्या सुमीला चौथं वर्ष लागलं. सुट्टी नाही, रविवारीसुद्धा सुई.

३ ऑक्टो.
टा. २ नं तिन्ही दिवस निम्मी गांडुळं ठेवली. टा. १ नं फडशा. उगाच हुरळायचं नाही. हुरळलेय.
शिपाई धोंडीमामा टाकीत डोकावून म्हणाले, "बाई, ही दोन लंबरची खाईनात की." म्हटलं, तेच तर हवंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते सुनेला उपाशी ठेवणाऱ्या सासूकडे पाहावं तसं.

७ ऑक्टो.
सासूबाईंचं कार्ड, ह्यांच्या अक्षरात. 'सुमी छान जेवते. तुझी आठवणही काढत नाही. काळजी नसावी.'
चार वेळा वाचलं. लेक छान जेवते याचं वाईट वाटणारी आई मी. सांगणार कुणाला. तिच्या केसांना खोबरेल आणि मातीचा मिळून एक वास येतो, तो सकाळपासून नाकात बसलाय. खानावळीत भाकरी मोडून तशीच ठेवली.

११ ऑक्टो.
टा. २ गांडुळांना तोंडसुद्धा लावत नाही. सर पहिल्यांदाच हसले. एकच खटकतं, वजन उतरत नाही. सर म्हणाले, चयापचय मंदावला असेल, त्यावर वेगळा पेपर होईल.
फराळाला बार्शीत. सुमीसाठी परकराचं कापड बघून ठेवलं. हिरवं.

१४ ऑक्टो.
यकृतातली चरबी बघायला टा. २ मधला एक फाडला. पोट टम्म. आत कणीक.
दुसरा फाडला. कणीक.

१५ ऑक्टो.
सर्वपित्री. मामांना विचारलं. लपवाछपवी काही नाही.
"व्हय बाई, मीच दितो. रोज सकाळी, तुमी यायच्या आदी."
त्यांची बायको भीमेच्या काठची. पितरांच्या पंधरवड्यात माशांना कणकेचे गोळे घालायची. ती गेल्यापासून तिच्या नावानं मामा गावी जाऊन घालतात. यंदा रजा मिळाली नाही.
"पण दोन नंबरलाच का?"
"जी खात न्हवती त्यास्नीच दिलं की. खानाऱ्याला कोन बी घालतंय."
मी ओरडले. फार ओरडले. बोलायला नको होतं ते त्यांच्या बायकोबद्दलही बोलले. ते खाली मान घालून टाकीचं पाणी बदलत राहिले.

१७ ऑक्टो.
मामांकडून तारीख नक्की करून घेतली. गोळे चार तारखेपासून. म्हणजे पहिले तीन दिवस स्वच्छ. त्या तीन दिवसांत टा. २ नं निम्मं ठेवलं ते सुईमुळेच, असं मला वाटतंय.
सरांना सांगितलं. "तीन दिवसांना रिझल्ट म्हणत नाहीत. नवे मासे आणा. पूर्ण महिना." महिना म्हणजे दिवाळी गेली.
ह्यांना लिहिलं. मामांची माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या बाई," एवढंच.

२० ऑक्टो. रविवार
हे सुमीला घेऊन आले. पत्राचं उत्तर तोंडी द्यायला. सुमी दारातच ह्यांच्या धोतरामागे. मग नव्या माशांजवळ गेली, मग माझ्याजवळ. दंड हाताला लागला तो काडीएवढा.
दुपारी माझ्या हातानं भात खाल्ला. आणखी मागितला. आणखी.
म्हटलं, घरी जेवतेस ना गं अशीच?
"संध्याकाळी नाय जेवत मी. आजी म्हणते, आईला कळवायचं नाय. ती घरी आली तर तिचे मासे उपाशी मरतील."
ह्यांच्याकडे पाहिलं. हे टाकीकडे बघत होते. जाताना एवढंच म्हणाले, "तू ठरव."
सासूबाईंवर रागवावं म्हटलं तर तेही जमेना. दोन्हीकडचे आकडे कुणाच्या तरी मायेपोटीच खोटे झालेले.

२१ ऑक्टो.
नव्या माशांना उद्या सकाळी सातला पहिली सुई. बार्शीची पहिली गाडी साडेसहाला.
मामांकडून त्या दिवशी काढून घेतलेली खोलीची किल्ली त्यांना परत दिली. म्हणाले, "मी काय बी घालनार न्हाय आता. तुमी जाऊन या."
परकराचं कापड घेऊन आलेय. पिशवीत घातलंय. सुया उकळून ठेवल्यात.