घोंगड्यावर बसलेल्या बाई

पाचगणी, २१ सप्टेंबर १९७५

तीर्थरूप आत्यांस, विजयमालाचा शि. सा. न. वि. वि.

परवा शाळेचा वार्षिक समारंभ झाला. तेहरान, नैरोबी, बँकॉक, सगळीकडच्या मुली आपापल्या देशाचा झेंडा घेऊन चालल्या. ‘एक जग, एक घर’ असे हॉलवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते. वडील पलटणीबरोबर सीमेवर, म्हणून माझी पालक म्हणून आजी आटपाडीहून एस. टी. बदलत बदलत आली. खांद्यावर घोंगडे होतेच. प्रिन्सिपॉलबाईंनी तिला हॉलच्या दारातूनच वळवले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ड्रायव्हर लोकांच्या बाकावर बसवले. मी झेंडा ठेवून तिच्याजवळ जाऊन बसले. आजी म्हणाली, मी कुटं बी बसंन, पर तुजा झेंडा ऱ्हायला की गं.

आता १७ ऑक्टोबरला परदेशी पालक पुन्हा येणार आहेत. त्याच आजीला स्टेजवर चातीवर लोकर कातायला बसवा, लोकजीवनाचा छान देखावा होईल, असे बाई म्हणतात. मी नाही म्हणणार आहे. मला ही शाळाच नको. आजीला कळवू नका.

तुमचा लोभ माझ्यावर आहे तसा राहू द्यावा.

आपली,
विजयमाला

सांगली, २६ सप्टेंबर १९७५

चि. विजयमालास आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावले. वाचून शाळेत गेले आणि नववीच्या मुलींना उगीचच अवघड गणिते घातली. त्यांचा काही दोष नव्हता.

शाळा सोडायची नाही. मी बी. ए. ला असताना धनगराची पोर म्हणून माझ्या बाकावर वर्षभर कुणी बसले नाही. मी ऐसपैस बसले.

आजीला मी कळवले आहे. ती येईल. बाईंना गोड होकार दे. आजी घोंगडे अंथरून त्यांना वर बसण्याचा मान देईल, हेही सांग. अंथरलेले घोंगडे आपल्यात काय असते, हे त्यांना ठाऊक नाही. तू ठाऊक करून देऊ नकोस. तुझे काम दुभाष्याचे. आजी बोलेल ते शब्दाला शब्द इंग्रजीत, बाई बोलतील ते आजीला. एक शब्द जरी मऊ केलास, तरी मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

फीमाफी जाईल, ही भीती तुला असेल. मलाही आहे. गेली तर माझ्या शाळेत ये, पण मान खाली घालून येऊ नकोस.

स्वेटर घालत जा. लोभ आहेच, अभ्यासाच्या मानाने वाढेल.

तुझी,
आत्या

पाचगणी, १९ ऑक्टोबर १९७५

तीर्थरूप आत्यांस शि. सा. न. वि. वि.

सांगितलेत तसे केले. आजीने स्टेजवर घोंगडे अंथरले, कोपऱ्यावर भंडारा टाकला आणि बाईंना हात धरून बसवले. बाई हसत मांडी घालून बसल्या. फोटो निघाले. आजी म्हणाली, आमच्यात ह्याच्यावर पंच बसत्यात; भंडाऱ्याच्या घोंगड्यावर बसून खोटं कुणी बोलत न्हाई. मी इंग्रजीत सांगितले. टाळ्या पडल्या.

मग आजीने विचारले, बाई, मागल्या टायमाला मला कुटं बसवलं व्हतं?

मी तेही शब्दाला शब्द सांगितले. बाई इंग्रजीत म्हणाल्या, खुर्च्या कमी पडल्या होत्या. मी आजीला सांगितले. तेवढ्यात तेहरानच्या मरियमची आई उठली. ती म्हणाली, माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर दिवसभर माझी पर्स बसली होती.

बाई उठायला लागल्या. आजीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, बसा, घाई न्हाई. सगळा हॉल बघत होता. शेवटी बाई मराठीत पुटपुटल्या, स्वयंपाकघराच्या दाराशी. आजी म्हणाली, आता पावण्यांच्या बोलीत सांगा, नातीला नगं तरास. त्यांना ते स्वतःच्या तोंडाने इंग्रजीत सांगावे लागले.

नंतर बाईंनी घोंगडे हॉलमध्ये लावायला मागितले. आजीने घडी घालून ते खांद्यावर टाकले.

काल मला ऑफिसात बोलावले. शाळेतून काढतील असे धरूनच गेले होते. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, पुढच्या समारंभाला आजीची खुर्ची पहिल्या रांगेत राहील. मी इथेच राहते आहे, आत्या. झेंडाही मागून घेतला आहे.

आजी तुमच्याकडे पोचली का? मायेत उणे पडू देऊ नये.

आपली,
विजयमाला

सांगली, २७ ऑक्टोबर १९७५

चि. विजयमालास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आजी खुशाल पोचली. पाणीही न पिता घोंगडे घेऊन कृष्णेच्या घाटावर गेली आणि आपटून आपटून धुतले. विणल्यापासून ते कधी धुतलेले मी पाहिले नव्हते. इतके काय मळले म्हणून विचारले, तर म्हणाली, ती बाई बसली व्हती न्हवं.

मी हसले नाही. पण रागावलेही नाही.

चाचणीतले भूगोलाचे गुण तू लिहिले नाहीस, हे माझ्या लक्षात आले आहे. माया कायम आहे, गुण कळव.

पुढच्या समारंभाला घोंगडे आणू का नको, हे बाईंना विचारून कळवावे, असा आजीचा निरोप आहे. चारचौघांत विचार.

तुझी,
आत्या