तुमच्या इंजिनातला माझा दोरा

अहो,

तुमच्या इंजिनावरनं सतीशशी माझं वाजलं, म्हणून हे पत्र. मी सांगून राहिले, सूनबाई लिहून राहिली. ती हसली की अक्षर हलतं, तेवढं चालवून घ्या.

काल तुमचा लेक लातूरहून काचेची पेटी घेऊन आला. तुमचं हातभर लांब खेळण्यातलं इंजिन म्हणे त्यात चाकं चिकटवून ठेवायचं. "आई, तसंही ते बंदच हाय." बंद हाय म्हणून चिकटवायचं? गुडघे तर माझेही धरलेत. मलाही चिकटवतोस का रे?

आज त्याला लोहा गावी काम होतं. तो गेला नि मी इंजिन खोललं. हाव, मीच.

तुम्ही रेल्वेत फिटर, मान्य. पण चाळीस वर्षं शिलाई मशीन कुणी चालवली? कधी मेकॅनिक बोलावला मी? तरी तुमचं एकच, "हात लावू नको, हे ब्लाऊज न्हाई."

आत काय निघालं सांगू? ग्रीस सुकून गुळासारखं. मोटार फिरायची, चाकं ढिम्म. पुसून बघते तर प्लास्टिकच्या गिअरला मानेपाशी भेग, नि ढिला गिअर घट्ट बसावा म्हणून आत दांडीला दोरा गुंडाळलेला. मोतिया रंगाचा. माझ्याच रिळाचा!

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. वर्षभर पाहुण्यांना "इंजिनाला आराम दिलाय" सांगत होता, आणि मी भाजीला गेले की माझा शिलाईचा डबा उघडत होता. बायकोला विचारायची एवढी लाज? दोऱ्याचा राग न्हाई हो. विचारलं न्हाई, त्याचा हाय.

दोरा घसरणारच होता. इतवारा बाजारातल्या लेथवाल्याकडून पितळेची बारीक कडी करून आणली, गिअरच्या मानेवर गच्च बसवली. भेग मिटली. वर मशीनचं पातळ तेल. पूर्वी तीन डब्यांना धापा टाकायचं, आज पाच घेऊन पलंगाखालनं गेलं.

संध्याकाळी सतीश बघतच राहिला. मग काय म्हणाला? "बाबांनी जाण्याआधी दुरुस्त करून ठेवलं होतं का?"

असा संताप आला म्हणून सांगू. त्याला म्हटलं, "तुझ्या बाबांनी बिघडलेलं लपवून ठेवलं होतं. दुरुस्त मी केलं." पेटी रिकामी परत चाललीय.

आता माझा शब्द ऐका. इंजिन मी चालतं ठेवीन, आणि विचारणाऱ्याला कुणी दुरुस्त केलं तेही सांगीन. तिकडं तुमचं काही अडलं तर लाजू नका, शेजाऱ्याला विचारा. मी येईस्तोवर दोरे गुंडाळत बसू नका.

तुमची,
कमल
(अंगठा. तेलकट हाय, डाग पडला तर पडू द्या.)