मुंगीचा भोपळा

शनिवार, ११ ऑक्टोबर
सायंकाळचे सहा वाजून वीस मिनिटे

मुंगीच्या आईस,

नमस्कार. तू बरी असशील. तुझ्या ताईंचा गुडघा आता कमी दुखत असेल. मुंगीचा खोकला गेला आहे, हे मला ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते पुढे येईलच.

आत्तापर्यंत मी दुकानात ब्रश धूत होतो. सात ब्रश धुऊन, पुसून ओळीनं वाळत ठेवले आणि लिहायला बसलो. हात दोनदा धुतले, तरी कागदाच्या कोपऱ्यात नारिंगी डाग पडलाच. हा चौथा कागद आहे. आता बदलत नाही.

कामाचं बरं चाललंय. दातांच्या डॉक्टरांची पाटी परवा लावून आलो. रंग लावण्याआधी 'शल्यचिकित्सक' शब्दकोशात तीन वेळा पाहिला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अरे, दात दुखणारा माणूस पाटी वाचत बसतो का?" बसत नसेलही. पण आठवीतून शाळा सुटलेल्या पेंटरची चूक झाली की लोक लगेच शाळा काढतात, म्हणून भीती वाटते.

बुधवारी आपल्याला समुपदेशक बाईंसमोर बसायचं आहे. माझं म्हणणं तुला माहीत आहे, आठवड्यातले चार दिवस मुंगी माझ्याकडे. तुझं म्हणणं तू कागदावर लिहून पाठवलं आहेस, दर दुसऱ्या रविवारी दोन तास आणि तेही तुझ्यासमोर. तो कागद मी महिनाभर खणात उलटा घालून ठेवला होता. मागच्या तिन्ही पत्रांत मी एकच गोष्ट लिहिली, की मी पोरीवर कधी हात उगारला नाही. ते खरं आहे. आजही मला तेच लिहायचं होतं. पण सकाळी जे झालं, ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

बालवाडीत आज भोपळे सजवायचे होते. ते शिकवायला जो पेंटर येणार होता, तो मी. गेल्या महिन्यात त्यांची पाटी मी रंगवली, तेव्हाच तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, "पोरांना घेऊन काहीतरी करा ना. कोरायचं मात्र नाही हं. चार वर्षांची मुलं आहेत, सुरी नको." योगायोगानं जमून आलं, इतकंच.

बारा मुलं, बारा भोपळे. काल मी ते ओल्या फडक्यानं पुसून, रात्रभर वाळवून घेतले होते. देठ एकाचाही मोडलेला नव्हता. भाजीवाला म्हणाला, कोरला की भोपळा आठवड्यात बसतो, न कोरता कोरड्या जागी ठेवला तर तीन महिने हलत नाही. गडगडू नयेत म्हणून प्रत्येकाखाली वर्तमानपत्राची चुंबळ ठेवली. मधल्या टेबलावर पाण्याचे रंग, स्पंजाचे तुकडे, बटणं, लोकरीचे गुंडे, डिंक आणि अंगणात गळलेली पानं, तीही आकारानुसार लावून. बालवाडीतल्या मदतनीस मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "पेंटर, भोपळे आहेत हो ते. ऑपरेशन करायचंय का त्यांचं?"

मुलं आली आणि माझी मांडणी दोन मिनिटं टिकली. एका गोल चेहऱ्याच्या मुलानं भोपळ्याला अकरा बटणं चिकटवली. मी विचारलं, "एवढे डोळे?" तर म्हणाला, "हा वॉचमन आहे. त्याला सगळीकडे बघावं लागतं." त्याच्या शेजारच्या मुलीनं आख्खा भोपळा काळा केला, देठासकट. म्हणाली, "हा झोपलाय. त्याला अंधार दिसतोय." दोघी जुळ्या बहिणी एकाच लोकरीच्या गुंड्यावरून भांडल्या, मग दोन्ही भोपळ्यांना मिळून एकच लांब वेणी घातली. त्यामुळे ते आता वेगळे करता येत नाहीत. एकानं मला विचारलं, "काका, भोपळ्याला गुदगुल्या होतात का?" मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "मग तुम्ही भोपळ्यांचे काका कसे?" मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. फार दिवसांनी.

मुंगी सगळ्यांत शेवटी आली होती. निळा स्वेटर, केस आखूड केलेत. मला बघून ती दारातच थांबली. तोंड उघडलं होतं तिनं, 'बा' म्हणायला.

मी ओठांवर बोट ठेवलं.

आता योगायोगाचं सांगतो. योगायोग नव्हता. ऑगस्टमध्ये समुपदेशक बाईंच्या ऑफिसात ती तुझ्याबरोबर आली होती, तेव्हा तिच्या दप्तरावर मी बालवाडीचं नाव वाचलं. नंतर तिथे जाऊन मीच विचारलं की पाटी जुनी झालीय, निम्म्या पैशांत रंगवून देऊ का. भोपळ्यांची कल्पनाही माझीच. बाईंना मी सांगितलंच नाही की तुमच्या वर्गात माझी मुलगी आहे. त्यांचा यात काही दोष नाही, त्यांना काही बोलू नकोस. मला फक्त तिला बघायचं होतं. आणि बुधवारी सांगायचं होतं, की बघा, बारा पोरं तीन तास सांभाळली, एकही रडलं नाही. बाईंकडून तसं लिहूनही घेणार होतो.

मी बोट ठेवलं आणि तिनं तोंड मिटलं. बाई म्हणाल्या, "हे कोण आहेत? पेंटरकाका!" सगळी ओरडली, "पेंटरकाकाऽ!" तीही म्हणाली. पुढचे तीन तास ती मला काकाच म्हणाली. एकदाही चुकली नाही. साडेचार वर्षांची पोर आहे गं, तिनं एकदा तरी चुकायला हवं होतं.

तिचा भोपळा तसाच होता. सगळ्यांचे अर्धे होत आले, तरी हिच्यावर एक ठिपकासुद्धा नाही. मी जवळ जाऊन बसलो. बाकीच्यांशी बोलतो तसंच बोललो. "काय मग, तुझा काय होणार?"

ती म्हणाली, "तुम्हीच करा ना, काका."

"मी कशाला? तुझा आहे ना तो?"

"माझं बाहेर जातं."

"कुठे बाहेर?"

तिनं हळूच सांगितलं, "रेघेच्या."

तिथे रेघच नव्हती. नुसता भोपळा होता. मी म्हटलं, "रेघ नाहीये बाळा, कुठेही लाव." तिनं ब्रश उचलला, रंगात बुडवला, भोपळ्याजवळ नेला आणि माझ्याकडे पाहिलं. रंगाचा थेंब टेबलावर पडला. तिनं पटकन ब्रश खाली ठेवला आणि माझ्यासमोर सरकवला.

आणि मी तो घेतला.

का घेतला, ते मला सांगता येत नाही. हात आपोआप पुढे गेला. तू म्हणायचीस ना, तुझा हात तुझ्याआधी धावतो. 'दे, मी नीट करतो,' हेही बोललो असेन. नाही, बोललो. मी तिच्या भोपळ्यावर चेहरा काढला. भुवया, पापण्या, गालांवर लाली, ओठांना छाया. मन लावून काढला. पोरं भोवती गोळा झाली, बाई म्हणाल्या, "अय्या, काय सुंदर!" मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, त्या दहा मिनिटांत मला फार बरं वाटलं.

मान वर केली तेव्हा मुंगी जागेवर नव्हती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती हातात फडकं घेऊन बाकीच्या मुलांचे सांडलेले रंग पुसत होती. कडा, कोपरे, खुर्चीची पाठ. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मावशी कौतुकानं म्हणाल्या, "बघा, किती शहाणी! ही रोजच पुसते हो." मुंगीनं माझ्याकडे बघून विचारलं, "काका, कडेला राहिलंय का?"

माझेच शब्द आहेत ते. तुलाही आठवत असतील.

एप्रिलमधल्या त्या दिवसाबद्दल आजवर मी कधीच सरळ लिहिलं नाही. 'तो किरकोळ प्रकार' असं लिहिलं. औषधाच्या दुकानाची पाटी पांढऱ्या रंगाचं अस्तर देऊन वाळत ठेवली होती. मुंगीनं त्या पाटीवर पिवळ्या रंगाचे दोन्ही पंजे उमटवले आणि मला हाक मारली, "बाबा, ये ना, बघ!" मी टरपेंटाईनचं फडकं तिच्या हातात दिलं. तूच केलंस, तूच पूस. पाऊण तास पुसत होती ती. बोटं लाल झाली. मी ओरडलो नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. स्टुलावर बसून सांगत राहिलो, कडेला राहिलंय, अजून कडेला राहिलंय. तू कामावरून आलीस, तिचे हात धुतलेस, मलम लावलंस आणि म्हणालीस, "मारलं असतंस तर एका मिनिटात संपलं असतं." मला वाटलं, काहीच्या काही बोलतेय. सहा महिने मला तसंच वाटत होतं.

आणि तो एकच दिवस नव्हता. तिची चित्रं ती झोपल्यावर मी नीट करून ठेवायचो. सूर्य गोल करायचो, घराच्या भिंती सरळ करायचो. सकाळी ती उठून बघायची आणि कागद ठेवून द्यायची. मला वाटायचं, तिला आवडलं. तू एकदा म्हणालीस, "तिचं वाकडं घर तिला राहू दे की रे," तर मी दोन दिवस अबोला धरला. हेही मी कुठल्या पत्रात लिहिलं नाही.

बारा वाजता तू तिला न्यायला आलीस तेव्हा मी सामानाच्या खोलीत होतो. दाराआड, झाडू आणि बादल्यांमध्ये उभा. चार दिवस मुलगी मागणारा बाप. तुझा आवाज ऐकला. "अगंबाई! किती सुंदर! हा तू केलास?"

ती म्हणाली, "हो."

तिला खोटं बोलायला मी शिकवलं, त्या बोटानं. तिच्यावर रागावू नकोस. तो भोपळा तिनं केलेला नाही. मी केला. मला वाटतं तू ओळखलं असशील. सहा वर्षं माझ्या पाट्या पाहिल्यास तू.

आता एवढं कर. रंग पाण्याचे आहेत, वर व्हार्निश दिलेलं नाही, ओल्या फडक्यानं सगळं निघून जाईल. पण तू पूस. तिला पुसायला लावू नकोस. मग तो कोरडा करून तिच्यासमोर ठेव, रंग दे आणि तू दुसऱ्या खोलीत जा. ती हाक मारेल, कसं करू विचारेल. लगेच जाऊ नकोस. एक दिवस लागेल, कदाचित दहा. तिनं काहीही केलं, नुसतं फासलं, तरी बघ आणि राहू दे. मला फोटो पाठवू नकोस. मला दिसलं तर त्यात काय चुकलंय तेच आधी दिसेल. दिसू नये असं फार वाटतं, पण दिसेल.

तुझ्या कागदावर मी सही केली आहे, दोन्ही प्रतींवर. दर दुसऱ्या रविवारी दोन तास, तुझ्यासमोर. बुधवारी मी येईन, पण काही मागायला नाही. तिथे समुपदेशक बाईंनी विचारलं तर एप्रिलचं मी माझ्या तोंडानं सांगेन, तुला सांगावं लागणार नाही. बालवाडीच्या बाईंनाही सोमवारी जाऊन सगळं खरं सांगतो. पुन्हा तिकडे फिरकणार नाही.

या पत्रात काही चुका राहिल्या असतील. आज तपासलेलं नाही.

ताईंना नमस्कार. मुंगीला काही सांगू नकोस.

मुंगीचा बाबा

हिशेब, नेहमीप्रमाणे:
मुंगीचे या महिन्याचे: २५०. पाकिटात आहेत.
बालवाडीनं आजचे दिले: ६०. तेही पाकिटात. मला ठेवता येत नाहीत.
ताईंचं माझ्याकडून येणं: १००. डिसेंबरअखेर देईन.
मुंगी येईल म्हणून घेतलेल्या मोठ्या खोलीची अनामत: ६००. आज दुपारी खोली सोडली, ३०० परत मिळाले.
लहान पलंग: ४५०. दुकानदारानं ४०० ला परत घेतला.
त्याची गादी: १२०. कोणी निजलेलं नाही, तरी गादी परत घेत नाहीत म्हणे. ती माझ्याकडेच आहे.