खिडकीतला एसी आणि ओला फ्रॉक

९ मे
एसीचा मिस्त्री रामबाबू आला एकदाचा. फोन करकरून थकले तेव्हा. खिडकीतला एसी ओढून गच्चीवर नेला, मोटरच्या पाण्याने धुतला. कबुतरांची पिसं, काळं पाणी, वर्षाची धूळ. ईरा दारात उभी राहून बघत होती, ओल्या फ्रॉकमध्ये. "बिटिया नहा के आई है क्या?" दरवर्षी सांगते, दरवर्षी विसरतो. परत सांगितलं. "भैया, इसको पसीना नहीं आता, जनम से. गर्मी अंदर ही रह जाती है. इसलिए कपड़े गीले रखते हैं. और ये एसी इसकी दवा है, दवा." तो म्हणाला, अरे राम राम. आणि पंख्याची पाती पुसायला लागला.

संध्याकाळी एसी लावला. गार. ईरा एसीच्या बाजूच्या पत्र्याला गाल लावून उभी. सहा वर्षांची मुलगी, बाहुलीला नाही एवढं प्रेम एसीला.

१२ मे
सर्व्हिसिंग झालं आणि दुखणं सुरू झालं. एसी लावला की मीटरजवळचा खटका पडतो, सगळं घर बंद. वर करावा, थोडा वेळ चालतं, परत पडतो. हा खटका अनंतने मागच्या वर्षी मुद्दाम बसवून घेतला. कुठे करंट गळला तर आपोआप पडतो म्हणे. आता उठसूट पडतोय.
दुपारभर जिन्याखाली जा, खटका वर कर, परत ये. ईराचा ताप १०२. अंग कोरडं, तव्यासारखं. फ्रॉक ओला केला की बघता बघता वाळतो. मामंजी हातपंखा घेऊन बसले. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, हात दुखतो, तरी सोडेनात.
अनंत गरौठ्याला, बँकेत. शनिवारशिवाय येणार नाही. फोनवर म्हणतो, घाबरू नकोस. हे एक बरं आहे.

१३ मे
रामबाबू म्हणाला, धुतल्याची ओल असेल कुठे तरी, वाळेल आपोआप. मी म्हटलं, "वाळेल तेव्हा वाळेल, आज काय करू? किसी भी तरह चला दो भैया, हाथ जोड़ती हूँ." खरंच जोडले.
त्याने मीटरजवळ काही तरी वायर इकडची तिकडे केली. "डायरेक्ट कर दिया भाभीजी. अब एसी की लाइन उस खटके से जाती ही नहीं. अब नहीं गिरेगा."
नाही पडला. संध्याकाळपर्यंत ईरा ९९ वर. रामबाबूला पन्हं दिलं, दोन ग्लास. किती तरी दिवसांनी पोटभर जेवले.

१७ मे
अनंत आला. बाहेर ४५. आत आम्ही सगळे एका खोलीत, मामंजी शाल पांघरून. ते म्हणतात, मे महिन्यात शाल, झाशीत, हे बघायला आपले पूर्वज हवे होते.
ईराने बाबाला सांगितलं, "पापा, एसी ना, गुदगुदी करता है." आम्ही हसलो. अनंतने पत्र्यावर हात ठेवला, म्हणाला, मला तर काही करत नाही, माझ्यावर रागावलाय वाटतं. ईराला ते फार आवडलं. दिवसभर तेच, मुझसे दोस्ती है, आपसे कट्टी है.
मराठी सगळं कळतं तिला, बोलायचं म्हटलं की हिंदी. मामंजींना हा एक सल आहेच.

२१ मे
आत्ता कुठे लिहायला बसले.
दुपारी ईराचा फ्रॉक परत ओला करून एसीच्या खोलीतच पिळला. फरशीवर पाणी. मी अनवाणी. उठताना तोल गेला म्हणून पत्र्यावर हात टेकला.
कोपरापर्यंत मुंग्या नाहीत, दणका. हात आपोआप मागे फेकला गेला म्हणून सुटले. तोंडातून काय आवाज निघाला माहीत नाही. ईरा पळत आली, ओला फ्रॉक, ओले हात, तीही पत्र्याकडेच हात करून. मी तिला ढकललं. जोरात. पलंगाच्या कडेवर पडली, ओठ फुटला. दात मुळात चारच आहेत, घामासारखी त्यांचीही जन्मापासून उणीव, ते वाचले.
गुदगुदी. चार दिवस सांगत होती.
तिच्या पायात रबरी चपला असतात म्हणून. घसरू नये म्हणून आणल्या होत्या. त्या नसत्या तर, पुढे लिहवत नाही.
खटका पडत होता तो याच्यासाठीच पडत होता. आणि मी हात जोडून तो काढायला लावला.
एसी बंद. प्लग काढून ठेवला.

२२ मे
रामबाबू फोन उचलत नाही. बायको म्हणते, चिरगाँवला लग्नात गेलाय, परवा येईल. दुसरे दोन मिस्त्री बघितले. एक म्हणाला पुढच्या आठवड्यात, एकाने हो म्हणून फोन बंद केला. सीझन आहे.
मामंजी म्हणाले, माळ्यावरचा कूलर काढू. मी नको म्हटलं. तो तर सगळा पत्र्याचा, वर पाणी. दर उन्हाळ्यात पेपरात येतं कुणी कूलरला चिकटून गेल्याचं. मामंजी चिडले. "नीला, मग पोरीला काय चुलीत ठेवणार आहेस?" मला सून म्हणून आणल्यापासून पहिल्यांदा आवाज चढवला त्यांनी. कूलर मात्र काढू दिला नाही.
तर दुपार अशी: न्हाणीत टबात ईरा, डोक्यावर ओला पंचा. टाकीतलं पाणीच कढत येतं. त्यात बर्फ घातला. मग बर्फ संपला. ताप १०३ च्या वर गेला. डोळे लाल, बोलेना.
रिक्षा केली, चौकातल्या एटीएमच्या खोलीत जाऊन बसले. तिथे एसी असतो, एवढंच सुचलं. गार्ड म्हणाला, बहनजी, यहाँ बैठना मना है. मी नुसतं त्याचा हात धरून ईराच्या कपाळावर ठेवला. परक्या पुरुषाचा हात. त्याने चटका बसल्यासारखा काढून घेतला, मग बाहेरची आपली खुर्ची आत आणून दिली. लोक पैसे काढून जात होते, आमच्याकडे बघत होते. दिवेलागणीपर्यंत बसलो. १०१.
तिथल्या एसीलाही तिला टेकू दिलं नाही. मांडीवर घट्ट. ती म्हणाली, मम्मा, दब रहा है.

२३ मे
परत एटीएम. गार्डने येताना तिच्यासाठी बर्फाचा गोळा आणला होता. रंगाचा, कुठल्या पाण्याचा देव जाणे. खाऊ दिला.
घरी आले की मी प्रत्येक वस्तूकडे बघते. फ्रिज. मिक्सर. गीझर तर उन्हाळाभर बंदच असतो, तरी त्याचा प्लग काढला. दाराच्या लोखंडी कडीला हात लावताना बोट मागे येतं. मामंजी बघतात.

२४ मे
रामबाबू आला. येतानाच मी बोलायला सुरुवात केली. आयुष्यात कुणाला बोलले नाही ते बोलले. बच्ची मर जाती, तुमको पता है, मर जाती. तो खाली बघत ऐकत होता. मग म्हणाला, "भाभीजी, गलती मेरी. पर आपने ही तो कहा था, किसी भी तरह." मामंजी म्हणाले, काम करो भैया, काम करो.
एसी उघडला. आत कंप्रेसरला जाणारी एक वायर पत्र्यावर घासून घासून उघडी पडलेली. त्यातून सगळ्या पत्र्यात करंट. तसा करंट जमिनीत निघून जायला हवा, पण आमच्या अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा. झाशीची जमीन, हातभर खणलं की दगड, त्यात हे ऊन. वायर बदलली, वर नळी चढवली. खड्डा नवा खणला, मीठ-कोळसा घातला, पाणी ओतलं. एसीची लाइन परत खटक्यातून घेतली. खटक्यावरचं बारकं बटण दाबून दाखवलं, पडला. टेस्टर लावला पत्र्याला, दिवा लागला नाही. मग स्वतः चपला काढून, हात ओला करून पत्र्यावर ठेवला. मी डोळे मिटले होते.
"अब बेफिकर रहिए." पन्हं विचारलं नाही. तोही थांबला नाही.
बड़ा बाजारातून रबराची चटई आणली, एसीसमोर घातली.

२५ मे
नौतपा लागला. नऊ दिवस आता सूर्य डोक्यावर बसणार. सकाळी आठलाच गच्चीवर पाय ठेववत नाही.
एसी चालू. खोली गार. आणि ईरा आत येत नाही.
बाहेरच्या खोलीत मामंजींच्या खाटेवर बसून आहे. "मैं नहीं जाऊँगी." का? "वो मारता है." अग, दुरुस्त झाला. "नहीं." ओला फ्रॉकही घालू देईना. तिने जोडलंय सगळं बरोबर, पाणी आणि एसी. मीच त्या दिवशी ओरडताना शिकवलं असणार.
अनंतला या शनिवारी बँकेतून निघताच आलं नाही, फोनवर म्हणाला, उचल आणि आत ने, लहान आहे. उचललं. अशी किंचाळली की शेजारचे गच्चीवर आले. रडून रडून ताप चढला, १०३. बाहेर आणलं तेव्हा थांबली.
हे मला सुचलं नव्हतं. एसी बिघडेल, वीज जाईल, वायर जळेल, सगळ्याची भीती करून झाली होती. हिची नव्हती.

२६ मे
खाटेभोवती ओली चादर बांधली, टेबलफॅन लांबून. मामंजींनी शेवटी कूलर माळ्यावरून काढलाच, मला न विचारता. पण चालू केला की मी तिथे उभी, कुणी हात लावू नये म्हणून. तो चारच्या उन्हात गरम हवाच फेकतो. ईरा १०२.६. झापड आल्यासारखी. दिल्लीचे डॉक्टर म्हणाले होते, १०४ वर तासभर राहिली तर फिट येऊ शकते. ते वाक्य मी रोज ऐकते.
मामंजींनी आत जाऊन पत्र्यावर हात ठेवला. "बघ ईरा, आबांना काही होत नाही." तिने पाहिलं. म्हणाली, "आबा को तो पहले भी नहीं होता था."
मग मामंजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "नीला, तू त्या दिवसापासून हात लावला नाहीस त्याला."
मी म्हटलं, रिमोट असतो, हात कशाला लावायचा.
"तिला दिसतं ते."
ईरा खाटेवरून म्हणाली, "मम्मा चटाई पर भी नहीं जाती."
खरंय. चटई आणली, घातली, आणि मी तिच्या कडेने चालते. खोलीतून फिरताना भिंतीला पाठ लावून जाते. मला वाटलं होतं कुणाच्या लक्षात येत नाही.

२७ मे
आज सकाळपासून ठरवत होते. आधी ठरवलं अनंत आल्यावर. मग ठरवलं मामंजी झोपल्यावर. मग दुपार झाली, थर्मामीटर १०२, आणि बाहेरच्या खोलीत पंखाही भाजायला लागला.
मामंजींना सांगितलं, ईराला दारापर्यंत आणा, आत नको. ते तिला कडेवर घेऊन उभे राहिले. मी चपला काढल्या. चटई बाजूला केली. हात नळाखाली धरले, पुसले नाहीत. पाय फरशीवर चिकटत होते. एसीपुढे उभी राहिले. रामबाबू म्हणाला दुरुस्त आहे. रामबाबू आधीही म्हणाला होता.
ठेवला हात. पूर्ण पंजा.
काही नाही. गार पत्रा, बारीक थरथर, मोटरची. मी काढला नाही. म्हटलं आता काढला तर संपलं. ईराकडे वळून हसले. "बघ! काही नाही होत."
ती हाताकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.
"डर लगा?"
"नाही ग. छे."
"झूठ."
मामंजींनी तिला खाली ठेवलं. ती पुढे आली नाही, मागेही गेली नाही. दारात बसली, पाय आत, अंग बाहेर. गार हवा पायांवर येत होती तिच्या. मी तिथेच उभी, हात पत्र्यावर, खांदा भरून येईपर्यंत. थोड्या वेळाने तिने ओला पंचा स्वतःच ओढून पायांवर घेतला. ताप १०१.४. पण अंग अजून बाहेरच.
पेपरात म्हणतात उद्या अजून वाढणार. सकाळी लवकरच परत हात ठेवून दाखवीन. हाताला जमेल आता. तोंडाचं काय करायचं, ते कळत नाही.