हेड गॅस्केट

सोमवार, संध्याकाळ

घोटीहून परतताना गाडी तापली. काटा लालवर, बॉनेटमधून वाफ. आठशे सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन, हे गेल्यापासून मीच चालवते. सकाळी रेडिएटरचं पाणी बघितलं होतं. बघितलंच होतं ना?

टेम्पोला बांधून गॅरेजला आणली. रफिकभाईंनी ऑइल दाखवलं, दुधाच्या चहासारखं झालेलं. "हेड गॅस्केट गेलं, काकू. पाणी ऑइलमध्ये उतरलंय. या इंजिनांचं जुनंच दुखणं. विकून टाका."

"नाही. इंजिन उघडा."

"बरं. न्यायला कोणाला बोलावू? नंबर सांगा."

"नको, सगळे कामात असतील," मी म्हणाले.

पाणी मी नक्की बघितलं होतं.

रिक्षात बसल्यावर मनात आलं, सगळे म्हणजे कोण?